पुसणारा हात कोणाचा? विकेंद्रित समाजमाध्यमांच्या अभ्यासाची प्रस्तावना

ऑक्टोबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटरवरचे खाते बंद झाले. निमित्त होते त्यांनी खात्याच्या माथ्यावर लावलेले एक जुने छायाचित्र. हॅम्बुर्गच्या जहाजबांधणी कारखान्यात १९३६ साली टिपलेल्या त्या छायाचित्रात कामगारांची गर्दी नाझी सलामी देते आहे आणि गर्दीत एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना नकार देणाऱ्याचे हे चित्र कंपनीने द्वेषमूलक चित्रांच्या नियमात बसवले. खाते परत मिळाले आणि काही दिवसांतच, गोरख पांडे यांच्या एका हिंदी कवितेच्या निमित्ताने, पुन्हा गेले. हे निर्णय यंत्राने घेतले की माणसाने, हे हेगडे यांना किंवा त्यांच्या वाचकांना तपासून पाहण्याची सोय नव्हती. त्या नोव्हेंबरात अनेक भारतीयांनी निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर खाती उघडली. हे नाव तोवर आपल्याकडे फारच थोड्यांच्या कानावर होते.

त्यांतले बरेच जण पुढे ट्विटरवर परतले. पण तिथे ते ज्या रचनेत जाऊन पोहोचले होते, तिचा अभ्यास आता एक स्वतंत्र विषय झाला आहे आणि मराठी वाचकांनी त्यात यावे, यासाठी ही प्रस्तावना आहे. विषयाचे नाव जरा अवजड आहे: विकेंद्रित समाजमाध्यमांवरचे स्वयंचलित मॉडरेशन आणि वापरकर्त्याची सत्ता. नावाला घाबरू नये. आपला मजकूर कधी अचानक नाहीसा झाला असेल, घरच्या ग्रुपवरच्या एखाद्या नकोशा संदेशाने जीव उबगला असेल, किंवा शिवीगाळीला कंटाळून लिहिणेच सोडावेसे वाटले असेल, तर या विषयातला मूळ प्रश्न तुम्हाला आधीच पडलेला आहे. मजकूर कोणी काढायचा, कोणत्या नियमाने काढायचा, आणि तो हात आपल्याला पटला नाही तर दुसरा निवडता येतो का, एवढाच तो प्रश्न आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. विकेंद्रित माध्यम म्हणजे मोकाट माध्यम, अशी समजूत उत्साही समर्थक आणि कडवे टीकाकार दोघेही करून घेतात. प्रत्यक्षात जिथे माणसे सार्वजनिकपणे बोलतात, तिथे काही ना काही काढावेच लागते. अमेरिकी अभ्यासक टार्ल्टन गिलेस्पी यांनी २०१८च्या आपल्या पुस्तकात हा मुद्दा पुढे नेला आहे: मॉडरेशन हे या माध्यमांच्या धंद्याचे एखादे किरकोळ अंग नसून, माध्यम आपल्याला जे देते त्याचा तोच गाभा आहे. फेसबुक, यूट्यूब किंवा एक्सवर हे काम एका कंपनीकडे असते. विकेंद्रित जाळ्यांत तेच काम अनेकांत वाटलेले असते, आणि ही वाटणी कशी झाली आहे हेच आपल्याला पाहायचे आहे.

या गोष्टीची सुरुवात मॅस्टोडॉनच्या बरीच आधी होते. नव्या वाचकांनी तिथूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. १९७९-८०मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी यूजनेट उभे केले. त्याला मालक नव्हता. एका संगणकावर लिहिलेला मजकूर शेजारच्या संगणकाकडे आणि तिथून पुढे, असा जगभर पोहोचायचा. नको असलेला माणूस टाळायचा तर प्रत्येकाने आपापली व्यवस्था करायची. १९८४च्या 'आरएन' या वाचनप्रणालीत तशी सोय होती. ठरावीक नावे किंवा विषय एका 'किल फाइल'मध्ये लिहून ठेवले की ते तुमच्यापुरते दिसेनासे होत, बाकीच्या जगाला दिसत राहत. वापरकर्त्याच्या सत्तेचे हे आरंभीचे आणि अगदी निखळ रूप म्हणता येईल.

ती व्यवस्था मोडली जाहिरातींनी. १२ एप्रिल १९९४ रोजी ॲरिझोनातल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात यूजनेटवरच्या हजारो गटांत एकदम टाकली. एकेकट्याची किल फाइल या लोंढ्यापुढे अपुरी होती. त्याच वर्षी 'कॅन्सलमूस' या टोपणनावाने वावरणारी एक व्यक्ती पुढे आली आणि तिने असे संदेश सर्वांसाठीच रद्द करायला सुरुवात केली. वापरकर्त्यांनी आभार मानले आणि लगोलग शंकाही काढली: आज जाहिरात रद्द होते आहे, उद्या मत रद्द झाले तर? या शंकेला मिळालेली दोन उत्तरे आजही मोलाची आहेत.

पहिले उत्तर गणिती होते. संदेशात काय लिहिले आहे याकडे पाहायचेच नाही. तो किती वेळा आणि किती गटांत टाकला, एवढेच मोजायचे. प्रत्येक प्रत जितक्या गटांत गेली त्या संख्येचे वर्गमूळ काढायचे, सगळ्यांची बेरीज करायची, आणि पंचेचाळीस दिवसांत ती २० किंवा त्याहून जास्त झाली तर संदेश रद्द करण्यास पात्र. याला ब्राइडबार्ट निर्देशांक म्हणत. स्वयंचलित नियम किती प्रामाणिक असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. नियम जाहीर होता, कोणीही बोटांवर नसला तरी कागदावर तो पडताळू शकत होता, आणि त्यात मताला जागाच नव्हती.

दुसरे उत्तर स्वतः कॅन्सलमूसने दिले. 'नोसीम' नावाच्या त्या पद्धतीत संदेश रद्द होत नसे. त्याऐवजी कोणीही 'हा संदेश पाहू नका' अशी सूचना, आपल्या डिजिटल सहीसह, प्रसिद्ध करू शकत असे. कोणाच्या सूचना मानायच्या हे वाचणाऱ्याने ठरवायचे. ज्याच्यावर विश्वास त्याची सही मानायची, उरलेल्यांकडे दुर्लक्ष करायचे. मजकूर जागेवरच राही. निवाडा मात्र वेगळा काढून ठेवलेला. वाचकांनी ही कल्पना लक्षात ठेवावी, कारण तीस वर्षांनी ती नव्या नावाने परत आली.

आता मॅस्टोडॉनकडे येऊ. जर्मनीतल्या ऑयगन रोख्को या तरुणाने २०१६मध्ये ते सुरू केले. २०१८च्या जानेवारीत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 'ॲक्टिव्हिटीपब' या सामायिक भाषेला मान्यता दिली आणि ती भाषा बोलणारे हजारो स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी जोडले गेले. या समुदायाला फेडिव्हर्स म्हणतात. एका सर्व्हरवर खाते असले तरी दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला अनुसरता येते. प्रत्येक सर्व्हरचे नियम वेगळे, चालक वेगळा. मुंबई-पुण्याच्या वाचकांना सहकारी गृहनिर्माण सोसायटी हे याचे सर्वांत जवळचे रूप वाटेल: आतले नियम सोसायटीचे, रस्ता सगळ्यांचा, आणि सेक्रेटरी भला असेल तर सगळे छान. सेक्रेटरी भला नसेल, किंवा कंटाळला असेल, तर काय होते हेही आपल्याला ठाऊक आहेच.

सर्व्हरचालकाची सत्ता खरोखर मोठी असते. तो आपल्या सर्व्हरवरचे खाते बंद करू शकतो. शिवाय दुसऱ्या अख्ख्या सर्व्हरला मर्यादित करू शकतो किंवा त्याच्याशी संबंध तोडू शकतो. २०१९च्या जुलैत अमेरिकेतल्या अतिउजव्या लोकांच्या 'गॅब' या समाजमाध्यमाने मॅस्टोडॉनचेच सॉफ्टवेअर उचलून आपला सर्व्हर चालू केला. सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली असल्यामुळे रोख्को त्यांना अडवू शकत नव्हते. अडवले ते शेजाऱ्यांनी. एकामागून एक सर्व्हरांनी गॅबशी नाते तोडले, आणि काही मोबाइल ॲपांनीही त्याच्यासाठी आपली दारे लावून घेतली. हुकूम कोणी दिला नव्हता. गॅब बंद पडले नाही; ते एकटे पडले. फेडिव्हर्सवरचे अभ्यासक हे उदाहरण अभिमानाने सांगतात आणि मला तो अभिमान रास्त वाटतो.

पण याच अस्त्राची दुसरी धार नव्या वाचकांपासून लपवणे बरे नव्हे. दोन चालकांचे भांडण झाले आणि त्यांनी एकमेकांचे सर्व्हर तोडले, तर त्या भांडणाशी काही देणेघेणे नसलेल्या शेकडो लोकांची मैत्री एका रात्रीत तुटते. तोडण्याजोग्या सर्व्हरांच्या याद्या तयार मिळतात आणि नवा चालक त्या एका झटक्यात लागू करतो. यादीत आपले नाव का आले हे विचारायला बऱ्याचदा कोणी नसते. २०२३च्या फेब्रुवारीत मॅस्टोडॉन डॉट लोल या हजारो सदस्यांच्या सर्व्हरच्या चालकाने, सदस्यांच्या आपसातल्या कलहाला वैतागून, सर्व्हर बंद करत असल्याचे जाहीर केले. लोकांना निघायला तीन महिने मिळाले. मॅस्टोडॉनवर निघताना अनुयायी बरोबर नेता येतात, लिहिलेला मजकूर मात्र मागेच राहतो. आणि चालक कितीही सज्जन असला तरी पत्ता शेवटी दुसऱ्याचाच: २०२४च्या फेब्रुवारीत क्विअर डॉट एएफ या सर्व्हरचे नाव अफगाणिस्तानातल्या तालिबान प्रशासनाने काढून घेतले, कारण 'एएफ' हा प्रत्यय त्या देशाचा आहे. गमतीदार नाव घेण्याच्या नादात ही बाब मागे पडली होती.

इथवर माणसांची गोष्ट झाली. यंत्र यात कधी येते? बहुधा संकटात. २०२४च्याच फेब्रुवारीत फेडिव्हर्सवर स्पॅमची मोठी लाट आली. हल्लेखोरांनी मोठ्या सर्व्हरांना हातच लावला नाही. त्यांनी नोंदणी खुली असलेले पण वाली नसलेले छोटे सर्व्हर शोधले, तिथे आपोआप खाती उघडली आणि तिथून सगळीकडे मारा केला. मॅस्टोडॉनच्या विकासकांनी दिलेले उत्तर मला फार शहाणपणाचे वाटते. त्यांनी मजकूर तपासणारे यंत्र बसवले नाही. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये एवढाच बदल केला की एखाद्या सर्व्हरवर आठवडाभर कोणताच मॉडरेटर फिरकला नाही, तर तिथली खुली नोंदणी आपोआप मंजुरीवर जाईल. इथे यंत्र पाहते आहे चालकाची गैरहजेरी. वापरकर्त्याच्या बोलण्याशी त्याचा संबंध नाही.

सगळे प्रश्न असे सुटत नाहीत. मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे हा या क्षेत्रातला सर्वांत काळा भाग आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. मोठ्या कंपन्या मायक्रोसॉफ्ट आणि प्रा. हॅनी फरीद यांनी २००९मध्ये विकसित केलेले फोटोडीएनए तंत्र वापरतात. ज्ञात चित्राचा एक सांकेतिक ठसा काढून ठेवायचा आणि नवे चित्र त्याच्याशी जुळते का पाहायचे. जुलै २०२३मध्ये स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीच्या संशोधकांनी फेडिव्हर्समधल्या मोठ्या सर्व्हरांवरच्या दोन दिवसांतल्या सुमारे सव्वातीन लाख नोंदी तपासल्या, तेव्हा अशा ज्ञात चित्रांशी ११२ जुळण्या सापडल्या. पहिली तर पाचेक मिनिटांतच. ज्ञात चित्रेसुद्धा पकडली जात नव्हती, कारण घरच्या खर्चाने सर्व्हर चालवणाऱ्याकडे ते तंत्र नव्हतेच. पुढच्याच महिन्यात लेमी या चर्चाजाळ्यावर अशाच चित्रांचा हल्ला झाला, तेव्हा एका सर्व्हरचालकाने चित्रे ओळखणारी प्रणाली स्वतः लिहिली आणि इतरांना खुली करून दिली. छोट्या सर्व्हरांना अशी साधने पुरवण्यासाठी उभ्या राहिलेल्या 'इफ्टास' या ना-नफा संस्थेला २०२५मध्ये निधीअभावी आपल्या सेवा आवरत्या घ्याव्या लागल्या. स्वयंचलन म्हणजे दडपशाही, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या घटना आधी वाचाव्यात. ज्या माणसाला ती चित्रे रोज डोळ्यांनी पाहून काढावी लागतात, त्याच्यासाठी यंत्र ही दया आहे.

ब्लूस्काय या दुसऱ्या विकेंद्रित माध्यमाने मांडणी वेगळी केली आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत विचार करायला लावणारा प्रयोग तिथेच चालू आहे. २०१९च्या डिसेंबरात ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी त्याची कल्पना जाहीर केली. २०२१मध्ये जे ग्रेबर यांच्या नेतृत्वाखाली ती स्वतंत्र कंपनी झाली. २०२४च्या फेब्रुवारीत कोणालाही खाते उघडता येऊ लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये 'लेबलर' आले. लेबलर म्हणजे नोंदींना आणि खात्यांना खुणा लावणारी सेवा. ती ब्लूस्कायची स्वतःची असू शकते, एखाद्या गटाची असू शकते, किंवा तुमची-माझीही असू शकते. 'असभ्य', 'स्पॅम', 'कोळ्याचे चित्र' अशी कोणतीही खूण ती लावू शकते. खूण लागलेली नोंद लपवायची, इशारा देऊन दाखवायची की तशीच दाखवायची, हे प्रत्येक वापरकर्ता आपल्यापुरते ठरवतो. यूजनेटवरचे नोसीम आठवले ना? सूचना आणि अंमलबजावणी यांची तीच फारकत आहे, फक्त आता ती कोट्यवधी लोकांच्या हातात आली आहे.

या खुणांमागे माणूस असतो किंवा यंत्र. 'एक्सब्लॉक' ही सेवा इतर माध्यमांवरून आणून टाकलेले स्क्रीनशॉट यंत्राने ओळखते आणि त्यांवर खूण करते. ज्यांना ट्विटरवरची भांडणे ब्लूस्कायवर पुन्हा पाहायची नाहीत, ते तिचे सदस्य होतात. हे उघडच स्वयंचलित मॉडरेशन आहे, पण कोणाची तक्रार नाही, कारण ते प्रत्येकाने स्वतः मागवले आहे आणि केव्हाही बंद करता येते. याउलट 'ब्लॅकस्काय' हा रूडी फ्रेझर यांनी उभा केलेला कृष्णवर्णीयांचा समुदाय. २०२३मध्ये तो केवळ नोंदींची एक निवडक मालिका होता. मग त्याने आपली लेबलसेवा काढली, मॉडरेटर नेमले, आणि पुढे स्वतःचे सॉफ्टवेअर व सर्व्हरही उभे केले. कृष्णद्वेष कशाला म्हणायचे हे दुसऱ्याने ठरवण्याची वाट त्याला पाहावी लागली नाही. मला विचाराल तर 'वापरकर्त्याची सत्ता' हे शब्द कागदावरून जमिनीवर उतरलेले पाहायचे असतील, तर ब्लॅकस्कायचा प्रवास पाहावा.

तरीही ब्लूस्कायवर कंपनीचा हात उरतोच, आणि वाचकांनी तो नेमका कुठे आहे हे शोधायची सवय लावून घ्यावी. अधिकृत ॲपमध्ये ब्लूस्कायची स्वतःची लेबलसेवा सोडता येत नाही. लेबलांच्या खाली आणखी एक थर आहे: कंपनीने खातेच काढून टाकले, तर खूण मानण्या-न मानण्याचा प्रश्नच उरत नाही. २०२४च्या ऑगस्टअखेर ब्राझीलमध्ये एक्सवर बंदी आली आणि लाखो ब्राझिलियन ब्लूस्कायवर आले, तेव्हा तक्रारी दिवसाला पन्नास हजारांपर्यंत गेल्या. कंपनीला पोर्तुगीज जाणणारे मॉडरेटर वाढवावे लागले, बाहेरच्या कंत्राटदाराकडून माणसे घ्यावी लागली आणि काही विभागांत यंत्रे बसवावी लागली. त्या वर्षभरात आलेल्या तक्रारी सुमारे ६५ लाख होत्या. आदल्या वर्षी त्या साडेतीन लाखांच्या आसपास होत्या. हे ओझे वापरकर्त्यांच्या हौशी लेबलरांनी उचलले नाही, पगारी माणसांनी उचलले.

एप्रिल २०२५मधली तुर्कस्तानची घटना तर प्रत्येक वर्गात शिकवावी अशी आहे. तिथल्या सरकारच्या मागणीवरून ब्लूस्कायने काही खाती त्या देशापुरती झाकली. ती झाकली लेबलांनीच: तुर्कस्तानातून अधिकृत ॲप उघडणाऱ्याला एक खास लेबलसेवा सक्तीने लागू होते आणि ती खाती दिसत नाहीत. मात्र त्याच जाळ्यावर चालणारी दुसऱ्यांची ॲपे ती सेवा मानायला बांधील नव्हती, त्यामुळे त्यांतून खाती दिसत राहिली. वापरकर्त्याच्या हाती निवड देण्यासाठी बनवलेले साधन सरकारच्या कामी आले, आणि त्याच रचनेने पळवाटही ठेवली. ती वाट माहीत असणारे थोडे, आणि अधिकृत ॲपच वापरणारे बहुसंख्य. म्हणून आज सत्ता शोधायची तर नियमांच्या कागदात शोधण्यापेक्षा ॲप उघडल्याबरोबर, काही न बदलता, जे दिसते त्यात शोधावी.

इथून तुम्ही पुढचे वाचन कराल तेव्हा एक कसोटी हाताशी ठेवावी, अशी विनंती आहे. कोणत्याही व्यवस्थेबद्दल विचारायचे: इथला निर्णय मला पटला नाही, तर माझी माणसे न गमावता मला बाहेर पडता येते का? आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७०मध्ये असंतुष्टांपुढच्या वाटांचा विचार करताना सोडून जाणे आणि आवाज उठवणे यांचे नाते दाखवले होते. सोडून जाणे शक्य असेल तरच मालक आवाज ऐकतो, पण ते फारच सोपे असेल तर आवाज उठवायला कोणी थांबत नाही. ट्विटर सोडणे म्हणजे सगळी माणसे सोडणे होते. मॅस्टोडॉनवर माणसे येतात, लेखन राहते. ब्लूस्कायच्या रचनेत खाते आणि लेखन दोन्ही दुसऱ्या सर्व्हरवर नेता येते, पण नेऊन पाहणारे अजून मूठभर आहेत.

मूळ लेखनाकडे जाणाऱ्यांनी माइक मॅस्निक यांचा २०१९चा 'प्रोटोकॉल्स, नॉट प्लॅटफॉर्म्स' हा निबंध आधी वाचावा. ब्लूस्कायमागचा बराचसा विचार त्यात आहे. मॅस्निक २०२४पासून ब्लूस्कायच्या संचालक मंडळावर आहेत, हे लक्षात ठेवून वाचावा इतकेच. मग एरिन किसेन आणि डेरियस काझेमी यांचा २०२४चा फेडिव्हर्सच्या कारभारावरचा अहवाल घ्यावा. त्यात मध्यम आकाराचे सर्व्हर चालवणारी माणसे बोलतात: त्यांची थकणारी मने, न मिळणारे पैसे, न संपणाऱ्या तक्रारी. निबंधातल्या आशेला या अहवालाचा उतारा हवाच. कायद्याच्या वाटेने येणाऱ्यांसाठी भारतात दोन टप्पे पुरेसे आहेत. २०१५च्या श्रेया सिंघल खटल्याची सुरुवात पालघरमधल्या दोन तरुणींच्या अटकेच्या बातमीतून झाली होती आणि त्याने माध्यमांची जबाबदारी न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशाशी जोडली. २०२१च्या नियमांनी पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या माध्यमांना लैंगिक हिंसेचा मजकूर ओळखणारी स्वयंचलित साधने वापरण्याचा प्रयत्न करायला सांगितले. तक्रार निवारण अधिकारी नेमण्याची अट मात्र छोट्यांनाही आहे. हौसेने सर्व्हर चालवणाऱ्या एकांड्या माणसाचे या चौकटीत काय, यावर आपल्याकडे अजून पुरेसे लिहिले गेलेले नाही.

मराठी वाचकांचा या विषयाशी सर्वांत जवळचा संबंध भाषेतून येतो. यंत्राला शिवी ओळखायला शिकवायचे तर आधी माणसांनी हजारो वाक्यांवर खुणा कराव्या लागतात. मराठीत हे काम झाले आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे: २०२१मध्ये मराठीतल्या आक्षेपार्ह भाषेचा 'मोल्ड' हा संच आला, आणि २०२२मध्ये पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटाने 'महाहेट' हा पंचवीस हजारांवर ट्विटांचा संच प्रसिद्ध केला, ज्यात द्वेष, आक्षेपार्ह, अश्लील आणि यांपैकी काहीच नाही असे चार वर्ग आहेत. पण वर्गीकरण सोपे नाही. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ला पोट धरून हसलेल्या प्रेक्षकाला ठाऊक आहे की मालवणीत शिवी हा बहुतेकदा जिव्हाळ्याचा सूर असतो. 'मेल्या, खंय होतंस इतके दिवस?' यात मृत्यूचा उल्लेख आहे आणि धमकी अजिबात नाही. उलट, जातीवरून केलेला अपमान कित्येकदा एकही वाईट शब्द न वापरता, फक्त एखाद्या आडनावाच्या किंवा गावकुसाच्या उल्लेखाने केला जातो. पहिल्यावर यंत्र खूण करील आणि दुसरा सोडून देईल. हा फरक कॅलिफोर्नियातल्या कंपनीला समजावून सांगत बसण्यापेक्षा, तो ज्यांना कळतो त्यांनीच खुणा करणे अधिक शहाणपणाचे नाही का?

त्यासाठी लागणारी रचना आपल्याला अपरिचित नाही. २०१७पासून 'सोशल डॉट कूप' हा मॅस्टोडॉन सर्व्हर सहकारी तत्त्वावर चालतो. सभासद वर्गणी देतात, नियम चर्चा करून मतदानाने ठरतात, मॉडरेशनचे काम सभासदच वाटून घेतात. प्रवरानगरच्या साखर कारखान्यापासून सहकार पाहिलेल्या महाराष्ट्राला यात नवल वाटणार नाही. सहकार कसा पोखरला जातो, वार्षिक सभेला कोणी न आल्यामुळे तेच चार जण वर्षानुवर्षे कसे निवडून येतात, हेही आपण जगाला सांगू शकतो. विकेंद्रित माध्यमांची अडचण नेमकी तीच आहे. सत्ता सभासदाच्या हाती दिली की तिच्याबरोबर कामही येते, आणि काम नको असलेला सभासद सत्ता परत करून मोकळा होतो.

म्हणून वाचकांना एक कामच सुचवतो. यातले काही वाचण्याआधी मॅस्टोडॉन किंवा ब्लूस्कायवर एक खाते उघडा. मॉडरेशनच्या सेटिंगमध्ये जा आणि तुमच्यासाठी आधीच कोणते निर्णय घेतलेले आहेत ते पाहा. एखादा निर्णय बदला. मग एखाद्या अनोळखी लेबलसेवेचे सदस्य व्हा, चार दिवस तिच्या डोळ्यांनी वाचा आणि पटली नाही तर सोडा. भाषेचे, समाजशास्त्राचे किंवा संगणकाचे विद्यार्थी असाल, तर पुढचे पाऊलही तुमच्याच हाती आहे. लेबलसेवा चालवण्याचे 'ओझोन' हे सॉफ्टवेअर ब्लूस्कायने खुले केले आहे. मराठीसाठी, मराठी माणसांनी ठरवलेल्या खुणांची सेवा सुरू करायला कोणाचीही परवानगी लागत नाही.